डिकीतला दिवा

कुताइसीत, अक्रोडाच्या झाडाखाली, त्सिउरीची झिगुली.
"नवी बॅटरी, नुग्झार. तिसऱ्या सकाळी पुन्हा मेलेली."
गळक्या माठात नवं पाणी,
हे मी बोललो नाही.
बाई शाळेत गणित शिकवते.

निगेटिव्ह सोडवला, मध्ये मीटर लावला.
किल्ली तिच्या मुठीत, दारं बंद,
आणि तरी काटा उचललेला,
अर्ध्या अँपिअरच्या जरा अलीकडे.

एकेक फ्यूज काढत गेलो.
अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, पांढरी भुकटी धरलेल्या,
बोटाने फिरवून परत बसवायच्या.
हॉर्नचा नाही. वायपरचा नाही.
घड्याळाचा काढला तर काटा जेमतेम थरथरला.
घड्याळाला थोडं खायला लागतंच,
त्याबद्दल तक्रार नाही.
मग कोपऱ्यातला काढला,
आणि काटा खाली बसला,
म्हातारं कुत्रं बसतं तसा.

वायर मागे डिकीकडे जात होती.
झाकण उघडलं. दिवा लागला. लागणारच.
मिटल्यावर काय होतं
ते कुणी पाहिलंय?

"मी पाहतो," दाचि म्हणाला.
सात वर्षांचा. स्टेपनीला टेकून पाय दुमडले.
आजीने तीनदा क्रूस काढला,
मी झाकण लावलं.

आतून काहीच नाही.
मी पत्र्याला कान लावला.
मग, अगदी जपून:
"नुग्झार काका, इथे दिवस आहे."

स्विचच्या स्प्रिंगला दोन थेंब तेल, संपलं काम.
बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात
आजीचा गेल्या हिवाळ्यात हरवलेला चष्मा होता,
एक काडी नसलेला,
काचा अजून कोमट.