एकाच बाजूनं

तबस्सुमनं नोटीस लावली, मोजून तीन ओळी:
एकतीस मार्चला पाणवठा बंद.
डिस्क म्हातारी झालीय आणि वीजबिल मी एकटी भरते.
ज्यानं त्यानं आपापली घागर भरून न्यावी.

त्रेचाळीस जण होतो आम्ही त्या सर्व्हरवर.
कोंढव्यात तिच्या भावाचं झेरॉक्सचं दुकान, त्यावर माळा,
माळ्यावर एक करडा डबा, त्याच्याकडे तोंड करून टेबलफॅन.
सहा वर्षं त्या डब्यात राहिलो
आणि तिथून लांबलांबच्या डब्यांशी बोललो,
सांगलीच्या, कोचीच्या, कुठल्याशा बर्फाळ गावातल्या.
मालक असा कुणी नव्हता.
शेजार होता.

मी घागर भरली.
बटण दाबलं, चार तासांनी झिप आली.
चार हजार एकशे बारा नोंदी.
पर्वतीच्या जलकेंद्रात नोकरी, म्हणून निम्म्या अशाच:
गुरुवारी पाणी नाही. शुक्रवारी उशिरा, कमी दाबानं.
एक आंबेडाळीचा फोटो, हललेला.
आईच्या ऑपरेशनच्या रात्री नुसता एक पूर्णविराम.

बाकीची उत्तरं.
फक्त माझी.
ज्याला दिली त्याचं बोलणं झिपमध्ये येत नाही,
ते ज्याचं त्याच्या घागरीत.

तर माझ्याकडे आता हे असं आहे:

    तपकिरी का? शेपूट तुटकं?
    पोचलास का?
    हसले खूप. ऑफिसात.
    मला नाही तसं वाटत.
    नाही म्हणजे नाही रे.
    पोचलास का?
    इतकं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं त्यात.

रेवण भोसरीत दुसऱ्या पाळीला होता.
रात्री साडेबाराला सुटला की चालत घरी,
आणि वाटेत भेटलेल्या कुत्र्यांविषयी लिहायचा.
एकेका कुत्र्याला चार ओळी. जास्त नाही.
मागच्या दिवाळीनंतर त्यानं खातं पुसलं.
कळवलं नाही. भांडण म्हणावं असंही काही झालं नव्हतं,
वरची शेवटची ओळ सोडली तर.

तिकडून तसा निरोप येतो, तबस्सुम म्हणाली,
'पुसा' असा. सगळ्या सर्व्हरना जातो.
मग आपण पुसतो.
सक्ती कुणाची नाही. रीत आहे.

पण सांगलीत त्या दिवशी वीज गेली होती.
निरोप आला, दार वाजवून परत गेला.
तिथं रेवण अजून आहे, अकरा नोंदींपुरता.
परवा रात्री सापडला.
लांडेवाडीच्या चौकात एक कुत्रं
सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत बसलेलं. रस्ता रिकामा.
त्याखाली मी: तपकिरी का? शेपूट तुटकं?
त्याखाली त्याचं उत्तर.

कॉपी करायला दोन सेकंद लागतात.
मी बोट तसंच ठेवून बसले.
गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत होतं, त्याचा आवाज,
मग टाकी भरून वाहायला लागली, तोही.
त्याला पुसायचं होतं.
दिवे गेले म्हणून राहिला.
चुकून उरलेलं उचलावं का, हे ज्याला विचारायचं
त्यानंच तर निरोप पाठवला होता.

काय उत्तर होतं ते इथं लिहीत नाही.

शनिवारी कोंढव्याला गेले पेनड्राइव्ह घेऊन.
वर तबस्सुम फॅनची पाती पुसत होती,
खाली मुश्ताकनं फाइल उघडली, पानांचा आकडा बघून
हलकी शीळ घातली,
आणि मान वर न करता विचारलं,
दोन्ही बाजूंनी काढू का एकाच?

एकाच, म्हटलं.
मागची कोरी राहू दे.

कागद डबल लागेल, ताई.

लागू दे.