निरंक

दर जानेवारीत एकशे बारा फॉर्म येतात माझ्या टेबलावर.
रकाना सातवा : हितसंबंध असल्यास नमूद करावेत.
एकशे नऊ जण लिहितात, निरंक.
सुवाच्य अक्षरात, तारखेसह.

खिडकीतून खाडीतले सॅल्मनचे पिंजरे दिसतात,
राखाडी कागदावर कपाचे गोल डाग उठावेत तसे.
पिंजरे ज्यांचे, प्रयोगशाळाही त्यांनीच बांधून दिली,
माशांच्या अंगावरच्या उवा मोजायला.
दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी आहे.
तिच्यावर मीठ बसतं. दर आठवड्याला पुसावी लागते.

उवा मोजतात प्राध्यापक हॉग्नी.
पिंजऱ्यांचा मालक मारिउस, त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ.
फॉर्मवर : निरंक.
विचारलं, तर खरोखरच गोंधळले :
"मारिउस? तो कसला हितसंबंध? तो तर मेहुणा."

खोटं बोलत नव्हते ते.
आमची ही फेरोची बेटं सगळी मिळून
एखाद्या मध्यम गावाएवढी माणसं.
वारा चारी बाजूंनी समुद्र उचलून आणतो
आणि झोपेतही ओठांवर ठेवून जातो.
खाल्ल्या मिठाला जागायचं म्हटलं
तर कुणी कुणाविरुद्ध सही करायची?

तुरिदने मात्र यंदा फॉर्मला चार पानं जोडली.
स्वेटर कुणी विणून दिला,
वाऱ्यावर वाळवलेलं मेंढीचं मांस कुणाच्या घरून आलं,
आजोबांची कबर खणायला कोण कोण आले होते,
पाचवीत असताना कोण आवडायचा
(तो आता कंपनीचे हिशेब बघतो).
समितीत हशा पिकला.
मीही हसले. मग पानांना टाचणी लावली.

मार्चमध्ये तिचाच प्रबंध आला, उवांवरचा.
परीक्षकांची यादी घेऊन मी एकेक नाव खोडत गेले.
हा भागधारक. ही मावशी.
याच्या जहाजाला मागच्या वर्षी त्यांचं इंजिन.
याचा त्यांच्याशी बांधावरून दावा चालू,
आणि वैर हेसुद्धा नातंच.
शेवटी हातात पेन्सिल तेवढी उरली.

बर्गनहून डॉक्टर गुन्वोर आल्या. कुणाच्या कोणी नाहीत.
धुक्यात दोन दिवस विमान उतरेना.
उतरलं तेव्हा हॉटेलं भरलेली,
रिकामी खोली एकच, कंपनीच्या अतिथीगृहात.
तोंडी परीक्षेला त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,
"नोंद करा. काल मी यांच्या गादीवर झोपले.
सकाळी यांचाच मासा खाल्ला. चांगला होता.
आता पान एकेचाळीस. हे आकडे कुणी मोजले?"

तुरिदने हॉग्नींकडे बघितलं नाही.
न बघायला तिला किती जोर लागला,
ते मला तिच्या मानेवर दिसलं.
"बोटीवरच्या मुलांनी," ती म्हणाली.

मी इतिवृत्त लिहीत होते.
'बोटीवरच्या' इथपर्यंत लिहिलं.

बोटीवर बेइनिर असतो.
माझा धाकटा.
त्याच्याच पगारातून गेल्या उन्हाळ्यात
आमच्या छपरावर नवं गवत चढलं.

फॉर्म कारकुनांनाही असतो.
अकरा वर्षं मी सातव्या रकान्यात निरंक लिहीत आले,
आणि अकरा वर्षं तो तपासून
खाली बरोबरची खूण केली.

त्या संध्याकाळी नवा फॉर्म घेतला.
ओळी पुरल्या नाहीत, पाठीमागे गेले.
बेइनिरचं नाव लिहिताना
शाळेच्या दप्तरावर लिहायचे तसंच, जपून लिहिलं.

रात्री तो आला. बूट दारात काढले,
पिशवीतला मासा ओट्यावर ठेवला.
किती मोजतोस, मी विचारलं नाही.
किती सोडतोस, तेही नाही.
मासा धुतला. मीठ चोळलं.
बोटाला कागदाची कापलेली रेघ होती, ती झोंबली.

फॉर्म ट्रेमध्ये ठेवलाय.
ट्रे माझाच.
सोमवारी तो माझ्यापुढे येईल.