खिजगणती

जहाज टॉर्शव्हनला लागतं बुधवारी,
वारा नाही म्हणाला तर गुरुवारी.
पोटात सिमेंट, बटाटे, कुणाचं तरी नवं कपाट,
आणि शेपटाला, दोरावर ओढत आणलेली
एक जड धातूची पेटी.
तिच्यात रेशीम.

लग्नाबिग्नाचं नाही.
दहा मैलांना अर्धी वीत या हिशेबानं
पाण्याखालून गुंडाळत आलेलं,
फॉर्मलिनच्या वासाचं.
राण्णवा ते टेबलावर पसरते
आणि आधी नुसता रंग बघते.
तिच्या तक्त्यात हिरव्याच्या चारच पायऱ्या:
नाही. असेल-नसेल. फिका. हिरवा.
सव्वीस वर्षं झाली,
अजून दुसऱ्या पायरीशी ती अडते,
तुकडा खिडकीपाशी नेते, परत आणते,
उजेडाला दोष देते.

मग दिवा, काच, मोजणी.
तांदळाच्या कणीएवढा एक जीव,
मिशा जवळजवळ अंगाएवढ्या,
पोटात तेलाचा थेंब:
हिवाळाभराची शिदोरी.
आणि दक्षिणेकडून हल्ली येऊ लागलेला
त्याचा चुलतभाऊ, दिसायला तोच,
पण शिदोरी बेताची, आणि येतो तोही उशिरा,
पिल्लांची जेवणं उरकल्यावर.
दोघांना वेगळं ओळखायचं
पाचव्या पायाच्या आतल्या कडेवरून,
सरळ आहे की आत वळलेली.
राण्णवा सुईनं पाय उलटवते.
वळलेली.
पुढचा. वळलेली.
पुढचा.

समोरच्या बेटावर तिचा मामा, हानुस.
त्यानं सूक्ष्मदर्शकात एकदाच डोकावलं होतं,
म्हणाला, माझ्याच पापण्या दिसतात.
पण कड्यावर बसून पफिन पकडण्यात त्याचा जन्म गेला,
आणि एका जुलैत
लांब काठीचं जाळं त्यानं आपणहून आढ्याला टांगलं.
कुणी बंदी घातली नव्हती.
चोची रिकाम्या येतायत, एवढंच तो म्हणाला.
बिळांत हात घातला तर पिल्लं
हातमोज्यांसारखी हलकी.

बैठकीच्या खोलीत ओले कोट, पातळ कॉफी.
बोटवाल्यांतर्फे सॉफस बोलला, आवाज न चढवता:
मुलांचे हप्ते आहेत, जाळी नवी आहेत.
या कणीपायी बोटी धक्क्याला बांधू?
ही तर कुणाच्या खिजगणतीत नाही.

नाही ना, राण्णवा म्हणाली.
म्हणून तर मी मोजते.

याहून मोठं भाषण तिला करता आलं नसतं.
तिनं रेशमाच्या दोन पट्ट्या समोर ठेवल्या,
एक ती नोकरीला लागली त्या मे महिन्याची, एक यंदाची.
हवा गेल्यासारखे सगळे गप्प.
खरं तर पट्ट्यांत फारसं काही दिसत नव्हतं.
मर्ग्रेता, अध्यक्ष, चष्मा पुसत म्हणाली, खात्री किती?
पाय मोजलेत तितकी.
म्हणजे?
एक्केचाळीस हजार पाय.

पुढे काय झालं ते तेरा ओळींच्या परिच्छेदात आहे.
उत्तरेच्या उथळ्यावर, एप्रिल ते जुलै,
वाळूत दडणाऱ्या बारक्या माशांसाठी जाळं ओढायचं नाही.
दक्षिणेच्या उथळ्यावर ओढायचं नाही, शक्यतो.
हा ‘शक्यतो’ कुणी घातला ते इतिवृत्तात नाही.
पहाटेपर्यंत भांडूनही तो निघाला नाही.
तीन वर्षांनी फेरविचार.
सॉफसनं सही केली, दारात थांबला,
तिच्यासाठी दार धरून.

हानुसला तिनं फोनवर सगळं वाचून दाखवलं.
बराच वेळ तिकडून फक्त वारा.
मग म्हणाला, पक्ष्यांना ‘शक्यतो’ कसं कळणार?

बुधवारी जहाज आलं.
पेटी आली, पट्टी पसरली,
तक्त्यातले रकाने एकेक भरत गेले.
रिकामा ठेवायचा नाही, हा इथला पहिला नियम;
काही सापडलं नाही तर शून्य लिहायचं,
नीट, गोल, वाचता येईल असं.
उत्तरेच्या उथळ्यावरचा तुकडा शेवटी निघाला.
ती तो खिडकीपाशी घेऊन गेली,
परत टेबलाशी आली,
पुन्हा खिडकीपाशी.

असेल-नसेल.