टाकीची जागा

महाद्वार रोडला आमचं घर, तिसरा मजला,
गच्चीवर काळी टाकी, हजार लिटरची.
कॉलेजची पोरं आली मोजमापं घेत.
म्हणाली, मावशी, किरणोत्सवात
तुमच्या टाकीची सावली
अंबाबाईच्या गुडघ्यावर येतीया.

मला हसू आलं. मग नाही आलं.
इतकी वर्षं मी खाली भांडी घासत होते
आणि आमची सावली गरुड मंडपातनं,
पितळी उंबरा ओलांडून,
रांगेत न थांबता आत.

गुंडाप्पा प्लंबरनं टाकी रिती केली.
पंचगंगेचं पाणी, मोटरनं वर चढवलेलं,
पन्हळीतनं उड्या मारत
आल्या वाटेनं निघालं.

पहिल्या दिवशी ऊन पायापाशी पोचलं.
दुसऱ्या दिवशी नदीकडनं काहीतरी धुरकट उठलं,
किरण कमरेशी येऊन विझला.
पोरं म्हणाली, आर्द्रता.
आम्ही ओल म्हणतो.

तिसऱ्या दिवशी मी गर्दीत गेले नाही.
गच्चीवर उभी राहिले,
टाकीखालचा गोल अजून काळपट होता, तिथंच.
सूर्य रंकाळ्याच्या अंगाला कलला,
गालावर आला, कोमट,
नुकत्या विझल्या चुलीसारखा.

आणि एकदम ध्यानात आलं,
आता टाकी मीच.

पटकन खाली बसले.
वाऱ्यावर निघालेला पदर ओढून मांडीखाली घेतला.

ऊन डोक्यावरनं गेलं,
झोपलेल्या माणसाला कुणी जपून ओलांडावं तसं.

मग घंटा वाजली.
मुखापर्यंत पोचलं का,
ते विचारायला मी अजून गेलेले नाही.