तॅव-लॅव

रात्री दोनला कपाळावर दिवा बांधून
मी रबराच्या रांगांत शिरते.
झाडाला एक चीर, तिरकी,
कालच्या चिरेच्या केसभर खाली.
चीक वाटीकडे उतरू लागला
की पुढचं झाड.
चारशे वीस झाडं. मी मोजत नाही, पाय मोजतात.

बाग संपते तिथं ओढा,
ओढ्यापलीकडे उरलंसुरलं रान:
वेताची जाळी, कुजका पाला, जळवा,
भर दुपारीही दिवेलागण.
तिथून पहाटे आखूड आवाज येतो,
कुणी कुणाला झोपेतच ओ द्यावी तसा.

पा सांगायचे, तो तॅव-लॅव.
आमच्या बोलीत लॅव म्हणजे झालं, संपलं.
पाखराच्या नावातच हे कुणी घातलं,
त्यांना ठाऊक नव्हतं.
तो अख्खा दिसत नाही, म्हणायचे.
आधी पानं उडताना दिसतात,
मग पानं उडवणारं कुणीतरी,
मग नुसती पानं.

पा त्याला फासात धरायचे.
वाकवलेली काठी, सालीची दोरी, चिमूटभर वाळवी.
पिंजरा झाकून बाजारात न्यायचे,
उजेड दिसला की तो गजांवर
स्वतःलाच आपटून घ्यायचा.
माझ्या शाळेच्या चपला त्यातून आल्या.
लाल पट्ट्यांच्या होत्या.

आता माझा रुस्लान पाहुणे आणतो.
हिरव्या कापडाच्या तंबूत ते
सकाळपासून तोफेएवढे कॅमेरे रोखून बसतात,
समोर वाटीत वळवळणाऱ्या अळ्या.
अळ्या मुंग्या नेतात.
जाताना पाहुणे अर्धेच पैसे देतात,
आणि रुस्लान जेवताना बोलत नाही.

त्या रात्री एक वाटी घरंगळून ओढ्यात गेली.
रबराची पानं गळायला अजून महिना होता.
वाटीमागे मी गुडघाभर पाण्यातून पलीकडे,
आणि कमरेएवढ्या उंचीवर, वेताच्या काडीवर,
एक गोळा.
डोकं नव्हतं त्याला.
विटकरी पाठ, खाली आखूड निळी शेपूट,
आणि तो श्वास घेत होता.

मग पिसांतून डोकं निघालं.
भुवई पिवळीधमक, मागं जाता जाता
फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखी होत गेलेली.
पोटाच्या निळ्या अंधारावर
कुणी नारिंगी बारीक रेघा ओढलेल्या.
एवढे रंग अंगावर घेऊन
हा जन्मभर पाचोळ्यात लपतो!
मी दिव्यावर तळहात धरला.
माझीच बोटं लाल झाली.
त्या लाल उजेडात त्यानं मला पाहिलं,
आणि डोकं पुन्हा आत घेतलं.
वाटी तिथंच राहिली.

सात रात्री तीच काडी.

घरी रुस्लान सांगतो,
बँकॉकचा एक माणूस पाच हजार बात देईल,
हाताच्या अंतरावर नर दाखवला तर.
छताचा पत्रा त्याहून स्वस्त आहे.
मी तोंड उघडते
आणि त्यात भाताचा घास घालते.

ओढ्याकाठच्या अकरा झाडांना
मी सध्या चीर देत नाही.
दिवा तिकडे वळवत नाही.
शेवटची रांग अंधारातच सोडून
बादली उचलते, परतते.

महिनाअखेर रुस्लान वही घेऊन बसतो.
चीक कमी भरला, आई.
ती ओढ्याकडची झाडं आटली का?

लॅव, मी म्हणते.

तो अकरा फुल्या मारतो.