बिघडलेल्या फोटोंच्या पाठी

शहापुरात माझा फोटो स्टुडिओ.
मागं पांढरा पडदा, पुढं स्टूल.
त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली
घडी घातलेलं वर्तमानपत्र.
जगात कुठंही जायचं तर आधी
या लंगड्या स्टुलावर सरळ बसावं लागतं.

कान दिसू देत. चष्मा काढा. हसू नका.
एवढंच मी सांगतो.
बाकीचं, परत आल्यावर, ते मला सांगतात.

बाळू हुंदरे मस्कतहून आला :
"रूवीला बसस्टँडमागं केरळवाल्याकडंच जेव.
शनिवारी मासे मागू नको, गुरुवारचे असतात."
जणू मी शनिवारी निघालोच आहे.
कॅम्पातला इनास, बोटीवर कूक,
त्याच्या लिस्बनला एक म्हातारी खोली देते,
तिसरा मजला, जिना मोडका, चादरी उन्हात वाळलेल्या.
"माझं नाव सांग की ओ, दहा कमी घेईल."
आणि गंगव्वा, मेलबर्नला लेकाकडं सहा महिने :
"बघण्यासारखं? समुद्र हाय. पर बाकडी बरी.
दर बाकड्यावर एक म्हातारं, कोण कुणाशी बोलंना.
मी आपली कन्नडात बोलले.
एक चिनी बाई हसली. मग रोज यायला लागली."

हे सगळं मी लिहून ठेवलं
बिघडलेल्या फोटोंच्या पाठीवर.
डोळे मिटलेल्यांच्या मागं मस्कत,
हसलेल्यांच्या मागं लिस्बन.
बिस्किटांचा डबा भरला.
माझा पासपोर्ट मात्र दोनदा
मुदत संपून कोराच राहिला.

नंदगडची अस्मिता घाडी, नर्स,
हॅनोव्हरला निघाली तेव्हा
चारदा फोटो काढला, चारही वेळा डोळे भरलेले.
"कोण नाही ओ काका माझं तिथं."
मी डबा पुढं केला.
हॅनोव्हर नव्हतंच त्यात.
इनासचं हॅम्बुर्ग होतं, जुनं, शाई पसरलेलं :
स्टेशनच्या डाव्या हाताला तुर्काचं दुकान,
मसुराचं सूप, पाव फुकट.
तेवढं घेऊन ती गेली.

दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला.
"सुट्टीला मुद्दाम गेले काका हॅम्बुर्गला.
तुर्क नाही आता. चष्म्याचं दुकान झालंय.
मग त्यालाच विचारलं, सूप कुठं मिळेल?
त्यानं शटर ओढलं,
दोन गल्ल्या माझ्याबरोबर चालत आला.
सूप बरं होतं. मीठ कमी."
आणि मग, फोन ठेवता ठेवता :
"माझ्या वॉर्डातली हाइके डिसेंबरात बेळगावला येतेय.
कुठं खायचं, कुठं राहायचं, काय बघायचं,
लिहून पाठवा की."

तीस वर्षं जगाचे पत्ते गोळा करणारा मी
एक फोटो उलटा धरून बसलो.
किल्ला लिहिला, खोडला.
कुंदा लिहिला, तर कुठल्या दुकानचा
यावरून बायकोशी वाजलं,
रात्रीचा भात गार झाला.

शेवटी लिहिलं :
स्टेशनवरून रिक्षा कर.
पाटी कुठल्या अक्षरात आहे याची काळजी नको,
आम्हीही पाटी वाचून घरी जात नाही.
मराठीत विचारलंस तर कन्नडात उत्तर येईल,
कन्नडात विचारलंस तर मराठीत,
जर्मनमध्ये विचारलंस तर आधी चहा येईल.
मांडा मिळाला तर लगेच खाऊ नको,
एक पदर उजेडाला धरून बघ.
राहायला आमच्या माळ्यावर खोली आहे.
शेजारचे माग रात्री नऊला थांबतात.
आवाजानं नाही, थांबल्यावर जाग येते,
घाबरू नको.
बघण्यासारखं काय, ते तूच बघून सांग.
मी इथलाच. मला दिसत नाही.

पाकीट चिकटवणार,
तेवढ्यात बायको म्हणाली, खाली एक ओळ घाला,
डिसेंबरात आपल्याकडं थंडी असते,
स्वेटर आण म्हणावं.
"अगं, ती जर्मनीहून येतेय."
"मग काय झालं?"

घातली ओळ.