पूर्ववत

अर्ज आला तो पाठकोऱ्या कागदावर.
मागे तिच्या लेकीचा तेराचा पाढा,
तेरा सातेपाशी खोडलेला.
पाच रुपयांचं तिकीट मात्र अगदी सरळ चिकटवलेलं.

विषय : बंदरावरचं सरकारी मैदान एका सकाळपुरतं मिळण्याबाबत.
अर्जदार : मथुरा कांदळकर,
शिपाई, बक्कल नंबर सातशे बारा, यांची पत्नी.

सातशे बारा आणि हवालदार दाऊद होडेकर
मार्गशीर्षातल्या अवसेला वाळूच्या बार्जमागे खाडीत गेले.
होडीची दोन लाइफ जॅकेटं, दोन्ही दुरुस्तीला.
तिसऱ्या दिवशी खाजणात सापडले.
हे अर्जात नाही. गावाला माहीत आहे.

मी आवक-जावक बघतो, एकोणीस वर्षं.
कागद कसा चालतो ते मला ठाऊक आहे :
दर टेबलाशी बसत बसत.

तहसीलदार : मैदान बंदर खात्याचे, अभिप्राय घ्यावेत.
बंदर खाते : पोलिसांचा ना-हरकत दाखला जोडावा.
पोलीस ठाणे, म्हणजे जिथे त्या दोघांचे डबे
अजून लोखंडी कपाटावर आहेत,
तिथून लिहून यायचं होतं
की सदर कार्यक्रमामुळे कायदा व सुव्यवस्थेस बाधा येणार नाही.
ठाणे अंमलदाराने सही करताना पेन दोनदा झटकलं.
शाई होती.

उपस्थितांची अंदाजे संख्या?
तिने तिथे लिहिलं, ठाऊक नाही.
मी म्हटलं, आकडा लागतो.
दोनशे घाला, म्हणाली. मग म्हणाली,
रजा मिळाली तर.

सर्व्हे नंबर शोधताना जुनं बाड खाली आलं.
सात वर्षांपूर्वीचा अर्ज. रघुवीर तारी, रापणकर.
जेटीवरच्या लाठीमारात डोक्याला लागून गेलेला भाचा,
त्याची शोकसभा. हेच मैदान.
'सुव्यवस्थेच्या कारणास्तव नामंजूर.'
शेरा साहेबांचा, अक्षर माझं.
वळणदार. तेव्हा मला अक्षराचा अभिमान होता.

परवानगी झाली. अटी अकरा.
खड्डे खणू नयेत. कायमस्वरूपी काही उभारू नये.

त्या मैदानावर जाळी वाळतात, हे कुठल्याच नकाशात नाही.
आदल्या संध्याकाळी सांगायला गेलो
तर तारी एकटेच जाळं गुंडाळत बसलेले.
"माका ठावक हा," म्हणाले.
मग माझ्याकडे न बघता,
"तो कांदळकर. माझ्या भाच्यावांगडा शाळेत होतो.
त्या दिसा लाठी त्येच्याय हातात होती.
आणि हॉस्पिटलात पयलो तोच इलो."
जाळं पुढे सरकवलं.
मी एक टोक धरलं.

सकाळी तुकडी आली, बंदुका झुकल्या.
मौनाच्या दोन मिनिटांत
बंदरावरून लिलावाची हाक येत राहिली,
बांगडा, बांगडा, चाळीस, बेचाळीस.
कुणी थांबवली नाही.
होडेकरांची म्हातारी आई ती ऐकत मान हलवत होती,
जणू दर बरोबर आहे.
तारी हद्दीच्या बाहेर,
बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी, टोपी काढून.

अनामत दोन हजार. परत घ्यायला तीच आली, लेकीसह.
फॉर्मवर एकच प्रश्न :
मैदान पूर्ववत करून दिले आहे काय?
मी खिडकीतून पाहिलं. जाळी पसरलेली. एक कुत्रं.
मांडवाच्या खांबांचे दोन खड्डे, वाऱ्याच्या वाळूने भरत आलेले.
"तुम्हीच लिहा," ती म्हणाली.
मी 'होय' लिहिलं.
पैसे मिळायचे तर तेच लिहावं लागतं.
लेक टेबलाच्या कडेला बोटाने काहीतरी मोजत होती.

सोमवारी तारी आले.
खिशातून तिकीट काढलं, घामाने वाकडं झालेलं.
"लिवन दी," म्हणाले, "तुजा अक्षर बरा असा."
मी कोरा कागद घेतला, दोन्ही बाजूंनी कोरा.
क्रमांक टाकला. तारीख टाकली.
विषयापाशी हात थांबला,
आणि ते वाट बघत उभे राहिले,
बसा म्हटलं तरी.